आधी तू चढ, आक्का

भुईमूग उपटता उपटता मियोबा मधेच ओळीत बसली, तेव्हा मला आधी रागच आला. पाऊस जाऊन बरेच दिवस झाले होते. जमीन वाळून अशी घट्ट बसली होती, की झाड धरून ओढलं तर नुसता पाला हातात यायचा आणि शेंगा खालीच राहायच्या. म्हणून आधी कुदळीनं माती हलवायची, मग झाड उपटायचं, झटकायचं, मुळं वर करून पालथं ठेवायचं. माझी कंबर गेली होती कामातून. आणि ही वयानं माझ्या लेकीसारखी बाई, दोन हात टेकून बसली होती.

"काय गं राणी, डोक्यावर छप्पर घालून देऊ का?" मी ओरडले.

मी कुदळ टाकून तिच्याकडं गेले. तिनं कमरेला गुंडाळलेल्या कापडावर, चितेंग्यावर, दुसरं चितेंगे गुंडाळलं होतं, एवढ्या उन्हात. मी वरचं ओढलं. खालच्याला मागं हा एवढा डाग.

"पाळी आली?"

"व्हय."

"खोटं बोलू नकोस. मागच्या आठवड्यात तुझ्या घरामागं फडकी वाळत व्हती. मी काय आंधळी हाय?"

मग तिनं सांगितलं. कधीही येतं म्हणाली. पाण्याची घागर उचलली की येतं. मुन्साका तिच्या घरी राहून गेला की दुसऱ्या दिवशी हमखास येतं. पावसाच्या आधीपासून चाललंय म्हणाली. एवढे दिवस ही बाई माझ्या शेजारी वाकून कामं करत होती आणि तोंडातून शब्द काढला नव्हता.

"आईला असंच व्हायचं," ती म्हणाली. "आधी असंच. मग वास यायला लागला. मग लोक दारातूनच विचारायला लागले."

मी मुन्साकाची पहिली बायको. ही दुसरी. त्यानं हिला आणली तेव्हा मी एक अख्खा हंगाम हिच्याशी बोलले नव्हते, आणि त्याची मला काही लाज नाही. कुठल्या बाईला आवडेल? पण नंतर हिची पोरं माझ्या चुलीपाशी जेवायला लागली, माझ्या तापात हिनं माझं डोकं मांडीवर घेतलं, आणि आता सगळ्या गावात मला भांडायला हक्काचं माणूस ही एकच आहे. हिला काही झालेलं मला चालणार नव्हतं. साधी गोष्ट आहे.

"दवाखान्यात चल," मी म्हणाले. "पोरांची वजनं करायच्या दिवशी सिस्टर म्हणाली न्हाई का? शहरातून गाडी येती. बायकांची आतून तपासणी करतात. काय निघालं तर तिथंच जाळून टाकतात. तुझ्या आईच्या वेळी असलं काही नव्हतं."

"मी न्हाई जाणार."

"का?"

"पाय फाकवून झोपवतात. लोखंडाची चोच घालतात आत. कांबेलेची बायको म्हणाली, पिशवी बाहेर काढून बघतात आन् परत ठेवून देतात."

"कांबेलेच्या बायकोला तिची कोंबडी कुठं अंडी घालती ते ठाऊक न्हाई, आन् ती पिशवीचं सांगती!"

"तुझी झालीय का तपासणी?"

मी कुदळ उचलली, पात्यावरची माती अंगठ्यानं काढली.

"झालीय की. लुएंडोच्या टायमाला."

"मग? कसं वाटतं?"

"काय न्हाई गं. डास चावल्यागत."

माझी थोरली लेक लुएंडो माझ्या आईच्या घरात, चटईवर जन्मली. मागची पाचही तशीच. ते टेबल मी उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण त्या वेळी, त्या उन्हात, मी दुसरं काय सांगायला हवं होतं?

तिनं बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मान हलवली. मग उठून उपटायला लागली. मी तिला हाताला धरून झाडाखाली बसवलं आणि तिची ओळ मीच संपवली, शिव्या देत देत.

*

गाडी येण्याचा दिवस ठरलेला होता. आदल्या संध्याकाळी मी मुन्साकाकडं बैलगाडी मागितली. तो गोठ्याच्या कुडाला टेकून मक्याचं चिबवांतू पीत होता. चिबवांतू मी आंबवलेलं, भांडं मी घासलेलं.

"बघणार कोण? पुरुष का बाई?" त्यानं विचारलं.

"बाईच हाय."

"मग बाईला बाईचं बघून काय कळणार?"

"तुम्हाला एवढी वर्षं बघून काय कळलं?"

त्यानं भांडं तोंडाला लावलं. पण बैल दिले. मक्याची पोती नंतर नेऊ म्हणाला, जसं काही आमच्यावर उपकारच.

मग तयारी. आता हे सांगताना माझं मलाच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. आमच्या टोंगा लोकांत लग्नाआधी आत्या मुलीला एका घरात बसवते आणि बाईपणाचं सगळं शिकवते. नवऱ्यापुढं जाताना कसं जायचं, अंग आतून कसं कोरडं, घट्ट ठेवायचं. त्यासाठी एक मुळी असते, कडू, पिवळट. वाळवून कुटायची, भुकटी करायची. माझ्या आत्यानं मला दिली होती, तिला तिच्या आत्यानं. डब्यात माझ्याकडं कायम असायची. मी म्हटलं, घरच्या माणसापुढं जायला एवढी तयारी, तर परक्या बाईपुढं, शहरातल्या, पांढऱ्या कपड्यातल्या बाईपुढं जाताना तसंच जायचं? उद्या ती म्हणायची, या टोंगा बायका काय घाणेरड्या राहतात.

म्हणून मीच कुटली. नेहमीपेक्षा जास्त. कोमट पाण्यात कालवून दिली आणि म्हणाले, "रात्री एकदा, सकाळी एकदा. चांगली आतपर्यंत."

"आग व्हती, आक्का," ती कुडाच्या आडून म्हणाली.

"व्हणारच. स्वच्छ व्हतंय म्हणून आग व्हती."

तिच्या कमरेचे मणीही मी काढून घेतले. पांढरे, बारीक, तीन पदरी. आमच्यात ते नवऱ्याशिवाय कुणी बघत नाही. ते मी माझ्या डब्यात ठेवले, मुळीच्या पुडीशेजारी. मणी काढल्यावर ती फार लहान दिसायला लागली.

सकाळी बैलगाडीत ती पोत्यावर एका कुशीवर बसली. सरळ बसवत नव्हतं. मी म्हटलं, भीतीनं.

दवाखान्याच्या भिंतीलगत बाक आणि बाकावर बायका. सगळ्या जमिनीकडं बघत होत्या. कुणी पोराला पाजत होती, कुणी चितेंग्याच्या पदराला गाठी मारत होती. मियोबाचं नाव घेतलं तेव्हा तिनं माझा दंड धरला. मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला आत ढकललं. आणि मी बाकावर बसले, ऐटीत.

थोड्या वेळात आतून ओरडणं ऐकू आलं. मग दार उघडलं आणि शहरातून गाडीबरोबर आलेली सिस्टर बाहेर आली. सिस्टर कापासा तिचं नाव. उत्तरेकडची, धिप्पाड, आमची भाषा तोडून तोडून बोलायची.

"हिच्याबरोबर कोण आहे?"

मी उठले.

"हिला आत काय घातलंय?"

"काय न्हाई, सिस्टर. जरा स्वच्छ..."

"स्वच्छ? सगळं आतून भाजल्यासारखं लाल झालंय! हात लावू देत नाहीये. मी बघू काय त्यात? रोग कुठला आणि तुमची मुळी कुठली, कसं ओळखू?" ती हात हलवून सगळ्या बाकाला सांगायला लागली. "कितीदा सांगायचं? आत काही घालून यायचं नाही! पाला नाही, मुळी नाही, साबण नाही. साध्या पाण्यानं बाहेरून अंघोळ करायची, बस्स. दोन दिवस आधी नवऱ्याजवळ जायचं नाही. पाळी असेल तर यायचं नाही. आणि मणी कशाला काढले? मण्यांनी मला काय अडचण?"

बाकावरच्या सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. त्यातल्या निम्म्या सकाळी तेच करून आल्या असणार, पैज लावते. दोघी तर लगेच उठून चालू पडल्या. पण नाव निघालं माझं. माझ्या नातवंडांच्या वयाची पोरं पाठीवर बांधलेल्या पोरी, त्यांच्यापुढं मी मान खाली घालून उभी.

"आता?" मी विचारलं.

"आता बरं होऊ द्या. पुढच्या खेपेला गाडी येईल तेव्हा आणा."

"पण तिला रक्त जातंय, सिस्टर! तिची आई..."

"मला माहीत आहे. तिनं सांगितलं. म्हणूनच चिडलेय." मग तिचा आवाज उतरला. ती माझ्याजवळ आली. "तिला फार भीती वाटते. ती आवळून धरते, म्हणून जास्त दुखतं. घरी शिकवा तिला. उताणं झोपायचं, गुडघे वर. पायाची बोटं सैल, जबडा सैल. तोंडानं हळू श्वास सोडायचा. आणि सांगा, ती थांबा म्हणाली की मी थांबेन. तुम्ही आत येऊन तिचा हात धरला तरी चालेल."

परतीच्या वाटेवर मियोबा तोंड फिरवून बसली होती. गाडीचं एक चाक कुईकुई करत होतं. सांगून सांगून मुन्साकानं त्याला वंगण घातलं नव्हतं. ओढा ओलांडल्यावर ती म्हणाली, "डास चावल्यागत म्हणलीस तू."

मी बैलांना उगाच चाबूक मारला. बैलांची बिचाऱ्यांची काही चूक नव्हती.

*

भुईमूग सुकला. आम्ही वेलावरच्या शेंगा तोडून अंगणात ढीग घातला आणि फोडायला बसलो. दिवसभर अंगठ्यानं शेंग दाबायची, दाणे पाटीत, टरफलं मागं. दुसऱ्या दिवशी अंगठ्याला चीर पडते, तिसऱ्या दिवशी चिरेत टरफलाची धूळ जाते. थंडी सुरू झालेली. सकाळी धुरकट, बोटं वळत नाहीत. रानकोंबड्या सारख्या ढिगावर यायच्या. मियोबाचं रक्त थांबायचं, पुन्हा यायचं.

मुन्साकाला तिच्या घराची बंदी केली होती. तो माझ्याकडं यायचा आणि सगळी रात्र कुरकुरायचा. तुझं अंथरूण टोचतं, तुझ्या घरात धूर होतो. माझ्या घरात धूर होतो कारण छपराचं गवत त्यानं दोन वर्षं बदललेलं नाही, हे मी त्याला किती वेळा सांगायचं?

गाडीचा दिवस आला. नेमके त्याच दिवशी बैल मका घेऊन गेलेले. "मी काय ध्यानात ठेवू का तुमची गाडी?" तो म्हणाला. आम्ही पायी निघालो. मियोबानं काही घातलेलं नव्हतं, मणी कमरेला होते, अंघोळ साध्या पाण्याची. सगळं सांगितल्यासारखं. ऊन वर येईपर्यंत चाललो. दवाखान्यापाशी बाक मोकळा. राखणदार कुंपणाला टेकून ऊस खात होता.

"गाडी बिघडली," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात या."

"पुढच्या महिन्यात? आम्ही पायी आलोय! ही बाई आजारी हाय!"

"मी बिघडवली का गाडी?"

"ऊस तरी खाऊ नकोस आमच्यापुढं!" मी ओरडले. त्यानं खरंच ऊस पाठीमागं धरला. मियोबा माझा पदर ओढत होती. तिच्या तोंडावर सुटल्याचा आनंद होता. तो बघून मला आणखी चीड आली. वाटेत ती पोरांसाठी रानबोरं वेचत आली. मी पुढं पुढं चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेंगा बाजूला सारल्या. घरात चटई टाकली. दोन उखळं पालथी घालून चटईच्या टोकाला ठेवली.

"झोप."

"काय?"

"झोप म्हणते ना. पाय उखळावर ठेव. आज मी सिस्टर."

ती हसत सुटली. मी लाकडी डाव घेतला आणि तिच्या गुडघ्यावर टकटक केलं. "बाई, गुडघे सैल सोडा. आम्ही शहरातनं आलोय, आम्हाला येळ न्हाई." मी सिस्टरसारखी भाषा तोडून बोलले. ती हसून हसून लोळायला लागली. मग हसणं थांबलं, आणि ती छताकडं बघत तशीच पडून राहिली. गुडघे आपोआप एकमेकांना चिकटले.

"आई अशीच पडायची," ती म्हणाली. "शेवटी शेवटी. असेच पाय करून. अशानं कमी दुखायचं तिला."

मी डाव खाली ठेवला. तिच्या डोक्यापाशी बसले.

"बोटं सैल सोड," मी म्हणाले. "पायाची. हां. आता जबडा. दातावर दात नको. आता फुंकर घाल. ओली लाकडं पेटवताना घालतेस ना, तशी. हळू. राख उडवू नकोस."

तिनं फुंकर घातली. पुन्हा घातली. गुडघे थोडे सुटले.

"आन् थांबा म्हणलीस की सिस्टर थांबणार. तुझं अंग हाय, तिचं न्हाई. म्हण बघू."

"थांबा."

"हे काय कोंबडीला हाकलल्यासारखं! मोठ्यानं म्हण."

"थांबा!"

नेमका तेव्हाच मुन्साका दारात आला. दुसरी बायको चटईवर, पाय उखळांवर, पहिली बायको डोक्यापाशी, बाजूला लाकडी डाव.

"हे काय चाललंय?"

"शाळा हाय," मी म्हणाले. "तुमचं नाव पटावर न्हाई. दार लावून घ्या."

मग आम्ही रोज करायला लागलो. शेंगा फोडून अंगठे बधिर झाले की चटई टाकायची. कधी ती सिस्टर व्हायची आणि हवेशी बोलायची, कधी मी. मला मात्र तिनं चटईवर झोपायला सांगितलं नाही. माझी तर झालेली होती ना.

*

तिसऱ्या वेळी गाडी आली. बैलही मिळाले, कारण मी आदल्या दिवशीच जू माझ्या घरात आणून ठेवलं होतं.

सिस्टरनं आम्हाला दोघींना आत घेतलं. खोली लहान, खिडकीला चितेंग्याचा पडदा. टेबल उंच, काळ्या रबरी कातड्याचं. बाजूला ताटात ती चोच, पण लोखंडाची नव्हती, पारदर्शक, हलकी. व्हिनेगरचा आंबट वास. आणि एका कोपऱ्यात कसलीशी पेटी, वायर असलेली.

मियोबानं टेबल बघितलं आणि दाराची चौकट धरली. आमची सगळी शाळा पाण्यात.

"फुंकर घाल," मी म्हणाले.

"आक्काला विचारा सिस्टर," ती घाईघाईनं म्हणाली. "आक्काची झालीय. लुएंडोच्या टायमाला. तिला कसं केलं तसंच करा, जास्त काही नको."

सिस्टरनं हातमोजे चढवता चढवता माझ्याकडं बघितलं. "हो का? कुठं केली?"

मी खिडकीकडं बघितलं.

"कुठल्या दवाखान्यात, आई? लुएंडो केवढी आहे आता?"

"तिची पोरं शाळेत जातात," मियोबा म्हणाली.

"मग शक्य नाही. तेव्हा ही तपासणी आपल्या भागात कुठंच नव्हती."

बाहेर एक पोर रडत होतं. मियोबानं चौकट सोडली आणि वळून माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत ती माझ्यावर कधी आवाज चढवून बोलली नव्हती. आताही चढवला नाही.

"डास," ती म्हणाली. "व्हय ना?"

"अगं मला काय झालंय? मला काही व्हत न्हाई! रक्त तुला जातंय!"

"आधी तू चढ, आक्का."

"माझं वय काय..."

"आधी तू चढ. मग मी."

सिस्टरनं टेबलावर नवा कागद अंथरला. कुणाची बाजू घेतली नाही, नुसता हात पुढं केला. आणि मी चढले, कारण मी चढले नसते तर ही बाई दारातून निघून गेली असती, आणि पुन्हा कधी आली नसती.

खोटं कशाला सांगू, चढताना मी टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. सहा पोरं काढलेली मी. बैलांच्या पायात शिरून जू बांधणारी. टेबल गार होतं. चितेंगे गुडघ्यांवर होतं तरी मला वाटलं सगळं गाव मला बघतंय. माझ्या कमरेचे जुने मणी, रंग उडालेले, सिस्टरनं हळूच वर सरकवले. त्या गोष्टीनं मला रडूच यायला लागलं. एवढ्या वर्षांत तिथं कुणी हळू हात लावला नव्हता.

"आता मी हात लावतेय," सिस्टर म्हणाली. "आता ते आत घालतेय. थोडं दाबल्यासारखं वाटेल."

मी सगळी आवळले. दातावर दात.

"जबडा सैल सोड, आक्का." मियोबा माझ्या डोक्यापाशी आली होती. तिनं माझा हात धरला. तिचा फुटलेला अंगठा माझ्या फुटलेल्या अंगठ्यावर. "फुंकर घाल. ओली लाकडं. राख उडवू नकोस."

मी फुंकर घातली. दुखलं नाही फारसं. नुसतं भरल्यासारखं, नकोसं, परकं वाटलं. मग तो आंबट बोळा, गार. सिस्टर बॅटरीच्या उजेडात वाकून बघत राहिली. फार वेळ बघत राहिली. तिनं एक लहान कॅमेरा आणला, फोटो काढला.

"काय?" मी विचारलं. "काय हाय?"

"तुम्हाला कधी रक्त? दुखणं? वास?"

"काही न्हाई! कधीच न्हाई. मला काही व्हत न्हाई म्हणून सांगितलं ना!"

"हं," ती म्हणाली. "सुरुवातीला कुणालाच काही होत नाही." तिनं कॅमेऱ्याची पाटी माझ्यापुढं धरली. गुलाबी, गोल, ओलसर. आणि वरच्या अंगाला पांढरा ठिपका, दह्याचा थेंब सांडावा तसा. "हा आज इथंच भाजून काढला तर संपला विषय. तसाच ठेवला असता तर काही वर्षांनी हिच्या आईसारखं झालं असतं."

मला राग आला. सांगते ना, राग आला. दोन महिने मी हिच्यामागं धावतेय, हिच्यासाठी राखणदाराशी भांडतेय, बैलांसाठी नवऱ्याशी भांडतेय, आणि निघालं काय, तर माझं! मला उठून निघून जावंसं वाटलं. आणि मग राग गेला आणि माझे दात वाजायला लागले.

"थांबा," मी म्हणाले. मोठ्यानं नाही. कोंबडीला हाकलल्यासारखं.

सिस्टर खरंच थांबली. हात मागं घेतला. मियोबानं माझ्या कपाळावरचा घाम तिच्या चितेंग्याच्या टोकानं पुसला. आम्ही तिघी तशाच थांबलो, मी होय म्हणेपर्यंत. मग ती कोपऱ्यातली पेटी आली, तिला जोडलेली तापलेली दांडी. पोटात कळ आली, पाळीच्या वेळी येते तशी, आणि जळका वास. मी फुंकर घालत होते, मियोबा माझ्याबरोबर घालत होती. संपलं सुद्धा लवकर.

मी उतरल्यावर ती आपली आपण चढली. मी काही म्हणायच्या आधीच गुडघे वर केले. तिच्या आत निघाला एक मांसाचा कोंब, शेंगदाण्याएवढा, लालभडक. सिस्टरनं चिमट्यात धरून पिळून काढला आणि बाटलीत घातला. "हाच रक्त काढत होता," ती म्हणाली. "बाटली शहरात पाठवते, पण दिसायला तर साधा आहे. डाग नाही कुठं. तुझ्या आईचं तुझ्याकडं आलेलं नाही, पोरी."

मियोबा टेबलावर पडल्या पडल्या रडायला लागली, मोठ्यानं, बाहेरच्या बाकाला ऐकू जाईल असं. मी तिला गप्प केलं नाही.

निघताना सिस्टर म्हणाली, "दोघींनीही सहा आठवडे नवऱ्याला जवळ येऊ द्यायचं नाही. ही थोडी लवकर बरी होईल, पण दोघींनी एकदमच पाळा. आणि ती मुळी पुन्हा नाही. कधीच नाही."

*

संध्याकाळी मुन्साका घोंगडी खांद्यावर टाकून माझ्या दाराशी आला.

"इथं न्हाई," मी म्हणाले.

तो मियोबाच्या दाराशी गेला. मियोबा माझ्याच अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिथूनच म्हणाली, "तिथंबी न्हाई."

"मग मी झोपू कुठं?"

"बैलांपाशी," मी म्हणाले. "आम्हाला द्यायचे नसले की लई माया असती तुमची त्यांच्यावर."

"दोन बायका करून माणसानं गोठ्यात झोपायचं?" तो ओरडला. थोडा वेळ अंगणात उभा राहिला आणि मग घोंगडी ओढत गेला.

मी डबा बाहेर आणला. मुळीची पुडी काढली, आत्यानं दिलेल्या फडक्यात बांधलेली. चुलीत टाकली. फडकं आधी पेटलं, मग कडू धूर झाला, आम्ही दोघी खोकलो. माझ्या पोटात अजून कळ येत होती. मियोबानं मला पाठीशी टेकायला पोतं दिलं, पायांवर चितेंगे टाकलं. मी तिला नको म्हटलं नाही.

"आक्का," ती म्हणाली, "खरं सांग. वर चढल्यावर कसं वाटलं?"

मी एक शेंग घेतली. अंगठा दुखत होता, फुटली नाही.

"घाबरले गं," मी म्हणाले. "लई घाबरले."

तिनं माझ्या हातातली शेंग घेतली, फोडली, आणि दाणे माझ्या तळहातावर ठेवले. मग पाटी दोघींच्या मधे सरकवून ती पुढची फोडायला लागली.